लाकडाची रायफल

मालिनी गेली तेव्हा मनोहरराव तिच्याजवळ नव्हते. नेदरलँड्समधल्या झूटरमेरला मुलाकडे, रुचिरकडे, दोघं तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते. करोना आला, विमानं बंद झाली, आणि एप्रिलात इस्पितळाच्या बंद वॉर्डात मालिनी वारली. शेवटचं दर्शन रुचिरच्या फोनवर झालं. पुढे विमानं सुरू झाली, पण मिरजेच्या रिकाम्या घरात जाऊन करायचं काय, म्हणून ते इथेच राहिले.

दीड वर्षात त्यांना एकच काम मिळालं होतं. नात नीरजाला गोष्टी सांगायचं. नीरजा दहा वर्षांची. शाळा बंद असताना ती दिवसभर आजोबांजवळ असायची, त्यामुळे तिचं मराठीही सुधारलं होतं. राजा-राणीच्या गोष्टी तिला नको असत. तिला आजी हवी असायची.

"आबा, ती रायफलवाली आजी सांगा."

मालिनी मिरजेला शाळेत शिक्षिका होती आणि मुलींची एनसीसी घ्यायची. नेमबाजीत तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. मनोहरराव वीज मंडळात वायरमन. सासरी आल्यावर मालिनीने परसात पेरूच्या झाडाला पत्रा ठोकला आणि छर्‍याच्या बंदुकीने सराव सुरू केला, तेव्हा मनोहररावांच्या वडिलांनी दोन दिवस अन्न गोड लागत नसल्याचं सांगितलं होतं. तिसर्‍या दिवशी तेच खुर्ची टाकून बघत बसले. रुचिर आठ वर्षांचा झाल्यावर तिने त्यालाही शिकवलं. आधी रिकामी बंदूक. नळीच्या टोकाशी शर्टाचं बटण ठेवायची. चाप ओढला तरी बटण पडता कामा नये. पोरगं घामाघूम व्हायचं आणि ती मागे उभी राहून म्हणायची, "श्वास सोड. अर्धा सोड. आता थांब." संध्याकाळचं ऊन तिच्या मानेवर पडलेलं असायचं. मनोहरराव पायरीवर बसून चहा पीत बघायचे. एवढं सुख त्यांना पुढे कशातच मिळालं नाही.

"मला पण शिकायचंय," नीरजा म्हणाली.

झूटरमेरमध्ये नेमबाजीचा क्लब होता. मुलांना हवेच्या रायफलीवर शिकवत. रुचिरचा होकार होता. सुनेचा, अमृताचा, नव्हता.

"दहा वर्षांच्या मुलीच्या हातात बंदूक? बाबा, जगात काय चाललंय बघता ना?"

"अगं, खेळ आहे तो."

"पोहणंही खेळच आहे. सायकल आहे, हॉकी आहे. बंदूकच कशाला?"

मनोहररावांना याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. नीरजा रायफल खांद्याला लावून उभी राहील, आणि क्षणभर का होईना, ते पुन्हा त्या पायरीवर बसलेले असतील. त्यांना एवढंच हवं होतं.

महिनाभर वाद चालला. शेवटी अमृता म्हणाली, "एक शनिवार. एकदाच बघून या. बाबा, तुम्ही सोबत जायचं." दसर्‍याच्या दुसर्‍या दिवशीचा शनिवार ठरला.

मनोहररावांना दम निघेना. त्यांनी दुकानातून फळी आणली आणि स्वयंपाकघराच्या कोपर्‍यात बसून रायफलीचा दस्ता कोरला. पडद्याची जुनी नळी बसवली, बुटाच्या पॉलिशने काळी केली. रुचिरच्या बॅगेचा पट्टा लावला. एनसीसीच्या मुली आधी अशाच खोट्या रायफलींवर कवायत करायच्या. रुचिर कामातून उठून पाणी प्यायला आला आणि दचकला.

"बाबा, अहो, ही खरीच वाटतेय!"

"मग? वायरमन असलो तरी हात आहेत म्हटलं मला!"

नीरजा रोज दुपारी सराव करू लागली. पाय असे, कोपर असं, गाल दस्त्याला. नळीवर बटण. मनोहरराव मालिनीचेच शब्द म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाजही वेगळाच व्हायचा.

खंडेनवमीला अमृताने पाटावर सगळं मांडलं. रुचिरचा लॅपटॉप, सुर्‍या, मनोहररावांचा टेस्टर. नीरजाची सायकल दारात. झेंडू मिळाला नव्हता, शेवंती होती. नीरजाने रायफल आणून मधोमध ठेवली. अमृताने सगळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि रायफलीपाशी हात थांबवला.

"हिला तुम्हीच लावा, बाबा. मला नाही जमणार."

त्यांनी लावलं. मिरजेला हे काम मालिनी करायची.

पूजा झाल्यावर नीरजा रायफल घेऊन गॅलरीत गेली. मनोहरराव आत टेकले होते. थोड्या वेळाने दारावर पोलीस आले. दोघं, एक बाई आणि एक तरुण. समोरच्या इमारतीतल्या एका म्हातार्‍या बाईंनी फोन केला होता, कुणीतरी आपल्यावर बंदूक रोखली आहे म्हणून.

रुचिर कानातला हेडफोन काढायचं विसरून डचमध्ये बोलत राहिला. मनोहररावांना काहीच कळत नव्हतं. पोलीस बाईंनी रायफल उचलली, नळीवरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं, मग नीरजाशी खाली वाकून काहीतरी बोलल्या. आवाज चढवला नाही. खर्‍यासारखं दिसणारं हत्यार इथे खेळण्यासाठीही चालत नाही, एवढी समज देऊन ते रायफल घेऊन गेले.

अमृता पाटावरची शेवंती गोळा करू लागली.

"नेम कुणावर धरला होतास?" मनोहररावांनी विचारलं.

"त्या आजींवर. त्या नेहमी खिडकीतून बघत असतात." नीरजाचा चेहरा पांढरा पडला होता. "मी फक्त गंमत केली, आबा. लाकडाची तर होती!"

मनोहरराव खुर्चीत बसले. कोपर, गाल, श्वास, सगळं त्यांनी शिकवलं होतं. माणसावर कधी धरायची नाही, हे एक सांगायचं राहिलं होतं. लाकडाची तर होती, असंच त्यांनाही वाटलं होतं.

रात्री जेवताना अमृताच म्हणाली, "मला वाटतं, शनिवारी घेऊनच जावं तिला. तिथे निदान नियम शिकवतील. घरी हे असलं होण्यापेक्षा बरं."

रुचिर चमकला. महिनाभर ज्यासाठी भांडण झालं, ते ताटात येऊन पडलं होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं.

"नको," मनोहरराव म्हणाले. "या वर्षी नको."

"बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

"तुला सतीश आठवतो का रे? शेजारचा?"

रुचिरने घास खाली ठेवला. त्याला आठवत होतं. कुंपणापलीकडून सतीश चिडवत होता आणि रुचिरने बंदूक त्याच्यावर धरली होती. रिकामी बंदूक. मालिनी ओरडली नाही, मारलंही नाही. बंदूक घेतली आणि माळ्यावर ठेवली. मनोहररावांनीच मध्यस्थी केली होती, "अगं, पोर आहे, छर्राही नव्हता आत." ती म्हणाली, "नव्हता, माहीत आहे मला. पण माणसावर धरावीशी वाटली ना त्याला? ती इच्छा जाईपर्यंत नाही मिळणार." पुढच्या दसर्‍यापर्यंत बंदूक खाली आली नाही. रुचिर रडला, रुसला, जेवला नाही. ती हलली नाही.

"आजी असती तर तिने मला नेलं असतं!" नीरजा रडत ओरडली.

"नसतं नेलं, बाळा."

"तुम्हाला काय माहीत?"

"मलाच माहीत आहे," ते म्हणाले, आणि सतीशची सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली.

नीरजा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शनिवारी, क्लबात जायच्या वेळेला, मनोहररावांनी कोट घातला.

"चल. समोर जायचंय. मला डच येत नाही, तू सांगायचं."

ती धुसफुसत आली. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मनोहररावांनी मास्क सारखा केला आणि हात जोडले.

"सांग, चूक माझी आहे. मी नीट शिकवलं नाही. माफ करा."

नीरजा बोलू लागली. बोलत राहिली. मनोहररावांनी तीन वाक्यं दिली होती, ती संपून बराच वेळ झाला होता. मधेच तिने खांद्याला काहीतरी लावल्यासारखे हात केले, आणि पटकन खाली घेतले.

"काय एवढं सांगतेस?"

"आजीबद्दल सांगतेय. की तिने बाबाची बंदूक वर्षभर ठेवून दिली होती. आणि माझीपण ठेवली असती."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मनोहररावांकडे पाहून काहीतरी विचारलं.

"त्या विचारताहेत, आजी पण इथेच राहतात का."

नीरजाने त्यांचा हात धरला आणि स्वतःच उत्तर दिलं. त्यातला एकच शब्द त्यांना कळला. करोना.

बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि आत या म्हणून हाताने खूण केली.