रिकामा रकाना

डोकी मोजायची आणि सगळ्या शाळांना सारखा पैसा वाटायचा, हा आमच्या खात्याचा जुना खाक्या. सब घोडे बारा टक्के. ज्या शाळेतली मुलं दूध पिऊन, चष्मा लावून, शिकवणी करून येतात तिलाही तेवढंच, आणि ज्या शाळेतली मुलं खोकत येतात तिलाही तेवढंच. यावर मी पंधरा वर्षं चिडत होते. यंदा ‘ज्याची गरज जास्त त्याचा वाटा जास्त’ असा नियम झाला आणि त्याचा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

फॉर्म चांगलाच झाला होता, मी अजूनही म्हणते. नऊ रकाने. आईवडिलांनी घरी भरून सही करायची. सातवा रकाना आजारपणाचा: झटके, दमा, शाळेत लागणारं औषध. एका शाळेत अशी बारा मुलं भरली तर तिथे पूर्ण वेळ नर्स, नाही भरली तर असलेली नर्सही दुसरीकडे. तळाशी एक ओळ माझ्या पदरची होती: ‘रिकामा रकाना म्हणजे गरज नाही असे समजले जाईल.’ शिवाय बाराचा आकडा पालकांना कळू द्यायचा नाही, नाहीतर लोक खोट्या खुणा करतील, हेही मीच साहेबांना सुचवलं. साहेब म्हणाले, “बाई, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे.” मी दोन दिवस त्यावर खूश होते.

टेकडीवरच्या शाळेचे फॉर्म आधी आले. एकही रकाना रिकामा नाही, वर डॉक्टरांची पत्रं टाचलेली. एका मुलाला परीक्षेआधी पोटात गोळा येतो, त्याचंही पत्र. मग रंगाच्या कारखान्यामागच्या शाळेचा गठ्ठा आला. तिथे तीनशे मुलं, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या छातीतून शिट्टी वाजते हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. फॉर्मवर सह्या होत्या, अंगठे होते. रकाने कोरे. मी पानं उलटत गेले आणि कोरंच येत गेलं.

मुदतीच्या दिवशी त्या शाळेचे हेडसर स्वतः आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस.

“बाई, चार वर्षांपूर्वी असाच एक फॉर्म आला होता,” ते म्हणाले. “घरात माणसं किती, खोल्या किती, कुणाला काय आजार. लोकांनी खरं खरं लिहिलं. सहा महिन्यांत कारखान्याकडची घरांची अख्खी रांग रिकामी केली. म्हणे, राहायला योग्य नाही. तेव्हापासून सही करतात, लिहीत काही नाहीत. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकून पितात.”

“मग तुम्ही समजवा ना त्यांना.”

“घरोघर फिरलो. अकरा जणांनी लिहून दिलं.” त्यांनी अकरा फॉर्म माझ्यापुढे ठेवले. बाराचा आकडा त्यांना ठाऊक होता, फक्त पालकांना सांगायची बंदी होती. “एका मुलासाठी आमच्या नर्सबाई काढून घेऊ नका.”

“नियम सगळ्यांना सारखा, सर.”

याच वाक्याचा मला पंधरा वर्षं राग होता. ते माझ्याच तोंडून किती सहज आलं! हेडसर उठून गेले. त्यांची छत्री माझ्या खुर्चीला टेकलेली राहिली, ती न्यायलाही ते परत आले नाहीत.

मी गठ्ठा पुन्हा काढला. निदान एखादी खूण नजरेतून सुटली असेल, असं वाटत होतं. आणि भिंगरीचा फॉर्म हाताला लागला.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, आता आठ वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. दादा त्याच कारखान्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच स्वयंपाकघरात तिला झटका आला होता. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. मी तिचं डोकं मांडीवर धरलं आणि वहिनीने तिच्या गालात औषध सोडलं. पोर शुद्धीवर आल्यावर वहिनी म्हणाली होती, “पाच मिनिटांच्या आत द्यावंच लागतं हे. आणि ताई, ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये.”

सातवा रकाना कोरा होता. मी वहिनीला फोन लावला.

“का गं, काहीच लिहिलं नाहीस?”

“काय लिहू? फिट येतात असं? एकदा कागदावर आलं की जन्मभर मागे लागतं, ताई. उद्या मोठ्या शाळेत घेतील का तिला?”

“असं काही होत नाही. लिही तू.”

“नर्सबाईंना सांगून ठेवलंय मी. औषध त्यांच्या कपाटात असतं. भागतंय ना?”

तुझ्या एका खुणेवर त्या नर्सबाई टिकणार आहेत, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आकडा फोडायचा नाही हा नियम माझाच होता, त्यामुळे मी म्हटलं, “मी सांगते म्हणून लिही.”

“तुम्ही ऑफिसात सांगा, ताई. आमच्या घरात नको. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला नाही कळायचं ते.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. “बरं! तुझं तू बघ,” म्हणून मी फोन ठेवला. पेन हातातच होतं. एक खूण केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी तसाच कोरा फॉर्म गठ्ठ्यात घातला आणि वर शिक्का मारला. नियमाने वागले असं स्वतःला सांगितलं, पण खरं तर मी वहिनीवर राग काढला होता.

पुढच्या सोमवारी नर्सबाई टेकडीवरच्या शाळेत रुजू झाल्या. रिकाम्या खोलीची किल्ली ऑफिसात जमा करायची असते. हेडसरांनी ती पाकिटातून पाठवली, सोबत चिठ्ठी: ‘आदेश मिळाला त्याच दिवशी बाईंना निघावे लागले. कपाटातल्या वस्तूंची यादी करायची राहिली आहे. खोलीची आणि कपाटाची किल्ली सोबत.’ चिठ्ठी वाचताना ते औषध मला आठवलं. संध्याकाळी वहिनीला फोन करू, असं मनात आलं. मग तिचं ते बोलणंही आठवलं. आधी तिनं फोन करावा, असं म्हणून मी पाकीट खणात टाकलं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. हेडसर होते.

“बाई, एका मुलीला झटका आलाय, थांबतच नाहीये. तिची मैत्रीण म्हणते, औषध नर्सबाईंच्या कपाटात आहे. दार तोडलं आम्ही. कपाट लोखंडी आहे, तुटत नाही हो.” मागे हातोड्याचे घाव ऐकू येत होते आणि पोरं रडत होती.

मी मुलीचं नाव विचारलं नाही. खण उघडला, पाकीट फाडलं. आमच्या ऑफिसातून ती शाळा गाडीनेही अर्ध्या तासावर आहे.

“किती वेळ झाला?”

“सात मिनिटं. दवाखान्याची गाडी निघालीय म्हणतात.” आणि मग तो कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, “हिच्या फॉर्मवर तर काहीच नव्हतं! हिला असं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं का?”

किल्ली माझ्या मुठीत होती.

“मला माहीत होतं,” मी म्हटलं.