दूध अडवणारं कुलूप

मी एक जुना डोंगल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. मी अंगठ्याएवढा, निळ्या प्लास्टिकचा. संगणकाच्या कडेला मला खोचलं की प्रोग्रॅम उघडतो, काढलं की बंद पडतो. थोडक्यात, मी एक कुलूप आहे. प्रोग्रॅमची चोरून कॉपी करणाऱ्याला अडवायचं, एवढ्यासाठीच मला बनवलं.

कुठल्या कारखान्यात, ते मला सांगता येणार नाही. एका खोक्यात माझ्यासारखे पुष्कळ होते. ते खोकं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका माडीवर नाजियानं फोडलं. तिनं दूध संस्थांसाठी एकटीनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव ‘धार’. दुधाचं वजन आणि फॅट दिली की तो दर काढायचा आणि पावती छापायचा. किंमत एका चांगल्या कालवडीएवढी. सोबत इंग्रजीत छापलेली चार पानं. ती कुणी वाचत नसे.

कुरुंदवाडजवळच्या एका गावातले दूध संस्थेचे सेक्रेटरी हंबीरराव मला घेऊन गेले. त्याच गावात दुसरी संस्था गुंडूची. त्याच्याकडेही ‘धार’च चालायचा, पण कुलूप तोडलेला, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून फुकट आलेला.

“पैसं घालून कोन घेतंय व्हय हंबीरदा?” तो येता-जाता विचारायचा.

“आमचं रीतसर हाय,” हंबीरराव म्हणायचे. आलेल्या पाहुण्याला ते मला बोटानं दाखवायचे. कौतुक होत होतं. मी संगणकाला खोचलेला होतो.

मग खंडेनवमी आली. वजनकाटा, फॅट मशीन, संगणक, सगळ्यांची पूजा झाली. मला मान जास्त. हंबीररावांनी मला काढून पाटावर ठेवलं, पाणी शिंपडलं आणि ओल्या कुंकवाचं बोट नेमकं माझ्या तोंडाला टेकवलं. तोंड म्हणजे ज्यातून मी संगणकाशी बोलतो तो पत्र्याचा भाग. कुंकू आत उतरलं.

दसऱ्याच्या सकाळी दूध घेऊन माणसं रांगेत उभी राहिली. हंबीररावांनी मला खोचलं. कुलूप सापडत नाही, असं पडद्यावर आलं. त्यांनी मला काढलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा खोचलं. तेच. मग ती इंग्रजी चार पानं शोधून काढली, उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. शेवटी ते हातानं पावत्या लिहायला बसले.

रांगेत पुढे अंबूबाई होत्या. त्यांच्या चार म्हशी. “हातची पावती? मंजी काटा मारायला मोकळं की! चोराचं चालतंय आन् सावाचं बंद. ह्यो कुठला न्याय रं हंबीरा?”

रांग हसली. अंबूबाईंनी किटली उचलली आणि रस्ता ओलांडून गुंडूच्या दारात गेल्या. त्यांच्यामागून आणखी माणसं गेली. दूध एकदा दुसऱ्या दारात जायला लागलं की परत वळवणं अवघड असतं.

हंबीररावांनी नाजियाला फोन लावला. “ताई, तुमच्या कुलपानं माझीच वाट आडवलीया. असंच चाललं तर संस्था बसंल. सांजच्या दुधापातूर चालू झालं न्हाय, तर मीबी गुंडूकडनं कॉपी आनतो. मग म्हनू नका.”

सणाचा दिवस असूनही नाजिया मोपेडवरून आली. तिनं माझ्याजागी नवा डोंगल खोचला. संध्याकाळच्या पावत्या निघाल्या. अंबूबाई काही आल्या नाहीत. नाजिया हंबीररावांच्या शेजारी बसून राहिली. प्रोग्रॅममधली निम्मी बटणं त्यांनी कधी दाबलीच नव्हती.

“त्या चार पानांत सगळं दिलंय, काका.”

“दिलंय की. कुठल्या भाषंत?”

नाजियानं ती चार पानं उचलली. मला पर्समध्ये टाकून ती निघाली.

माडीवर तिनं मला सुईनं साफ केलं. मी पुन्हा चालू झालो. तरी तिनं मला ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ‘धार’ कसा वापरायचा याचं नवं पुस्तक लिहायला ती बसली, मराठीत, चित्रं घालून. लिहिलेलं ती आई अमीरबींना वाचून दाखवायची.

“‘कॉन्फिगर करा’ म्हंजे काय गं?” अमीरबी विचारायच्या. “पावती आली न्हाय तर काय करायचं, ते सांग की आधी.”

नाजिया खोडायची आणि पुन्हा लिहायची. पुस्तक झालं तेव्हा तिनं किंमतही उतरवली. वर्षाला पेंडीच्या एका पोत्याएवढी. आणि कुलूप काढून टाकलं.

“आता कुनीबी कॉपी मारंल. तू खाणार काय?” अमीरबी म्हणाल्या.

“आत्तातरी कोण थांबलंय, अम्मी?”

माझं काम असं संपलं. मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

पुढे दुधाचे दर बदलले, गुंडूच्या जुन्या कॉपीत ते बसेनात आणि एक दिवस तो माडीवर आला. हातात नव्या पुस्तकाची झेरॉक्स. “पुस्तक तुमचं, कॉपी चोरीची. दोनी जुळंना झालंय.”

नाजियानं किंमत सांगितली.

“एवढंच? मग आधी सांगायचं की!”

“आधी एवढी नव्हती,” नाजिया म्हणाली.

त्यानं प्रोग्रॅम विकत घेतला. त्याच्यासारखे आणखी काही जण आले. सगळे नाही आले. विश्वजित नावाच्या एका सेक्रेटरीच्या कार्यालयाला एसी आहे, पुस्तकही त्यानं वाचलंय, तरी तो अजून फुकटचीच कॉपी वापरतो. नाजियाचं घर आता चालतं, पण हात राखून.

यंदा खंडेनवमीच्या आधी हंबीररावांचा फोन आला. “आमचं ते पयलं निळं कुलूप द्या धाडून. पूजंला लागतंय.” नाजियानं मला गुंडूच्या हाती पाठवलं. पाटावर माझ्या शेजारी ते नवं पुस्तक होतं. दुधाच्या रांगेत अंबूबाई पुन्हा होत्या.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तुम्ही मोठे होऊन काही बनवाल, तेव्हा ते घेणाऱ्याला परवडेल आणि समजेल असं बनवा. आणि दुसऱ्यानं बनवलेलं परवडत असेल, तर विकत घ्या. त्यामागे माडीवर कुणीतरी बसलेलं असतं.

हंबीररावांनी पुन्हा ओल्या कुंकवाचं बोट माझ्या तोंडाला टेकवलं. कुंकू आत उतरलं. उतरू दे. आता मी बंद पडलो तरी कुणाचं दूध अडत नाही.