पोटातला फुगवटा आणि दुकानामागचा धूर

आमच्या ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ट्यूबला फुगवटा आला की ते लांबूनच ओळखतात. स्वतःच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला आलेला फुगवटा मात्र मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा अचानक सापडला.

"वरून ठिगळ नाही का मारता येणार?" ह्यांनी सर्जनबाईंना विचारलं.

"ठिगळ नाही, आतून नवी नळी बसवू," त्या म्हणाल्या. "फुटायची वाट पाहिलीत तर वाचणं अवघड. आत्ता केलं तर बहुतेक पेशंट चालत घरी जातात. पण फुप्फुसं, मूत्रपिंडं, ब्लड प्रेशर कसं आहे यावर धोका ठरतो. आणि सगळ्यात आधी सिगारेट. ओढता?"

"छे. कधीच सोडली," हे म्हणाले आणि भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत बसले.

सोडली म्हणे! दुकानामागे रोज धूर निघतो. घरी येण्याआधी हे बोटांना पंक्चरचं सोल्युशन चोळतात, म्हणजे मला तंबाखूचा वास येऊ नये. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. इतकी वर्षं मीही नाक मिटून घेतलं होतं, कारण रोजची कटकट मला नको होती. पण आता ह्यांच्या थापेवर भूल देणार होते.

तोंडावर खोटं पाडलं असतं, तर हे दुकानाची शपथ घेऊन मोकळे झाले असते. वाद घालून ह्यांच्याकडून आजवर कुणी काही कबूल करून घेतलेलं नाही. म्हणून मी मान खाली घातली आणि म्हणाले, "डॉक्टर, घरात ओढते ती मी. माझा धूर ह्यांच्या पोटात जातो. तेही धरा हिशोबात."

हे आ वासून माझ्याकडे वळले.

बाई खुर्ची वळवून माझ्याकडे बघू लागल्या. "कधीपासून? खोकला येतो? मावशी, तुमचाही छातीचा फोटो काढू. रक्त तपासू, पोटाची सोनोग्राफीही करून घेऊ." त्यांनी माझ्या नावाचा कागद पुढे ओढला.

"थांबा," हे म्हणाले. घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली. "तिला कशाला सुया टोचताय? ती नाही, मी ओढतो. दुकानामागे. आज सकाळीसुद्धा."

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बोललात. फुगवटा अजून काही आठवडे थांबू शकतो. तेवढ्यात सिगारेट पूर्ण बंद, फुप्फुसांचे व्यायाम सुरू. मग नळी बसवू."

ते आठवडे हे माझ्यावर, गिऱ्हाइकांवर आणि हवेच्या पंपावरही खेकसत होते. पण बोटांना सोल्युशनचा वास पंक्चर काढल्यावरच यायचा.

ऑपरेशन झालं. बाईंनी बाहेर येऊन "ठीक आहेत" म्हटलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आत गेले, तर ह्यांनी डोळे किलकिले केले आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"खरं सांग," हे कुजबुजले, "तू ओढत नाहीस ना?"

"कधीच सोडली," मी म्हणाले.

ह्यांनी हळूच माझा हात ओढून घेतला आणि बोटांचा वास घेतला.