वाणाच्या दोन पिशव्या

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोलर कॅल्क्युलेटर लुटायचे, असे ताडकळसच्या कमलबाईंनी ठरवले तेव्हा त्यांची सून राजेश्री हरखून गेली. कल्पना तिचीच होती. प्लॅस्टिकच्या वाट्या आणि चहागाळण्या घरोघर साठवायच्या तरी किती? हे वाण दूध घालणाऱ्या बाईच्या हिशेबाच्या कामाचे, शिकणाऱ्या पोरीच्याही.

पण परभणीहून वाण आले ते दोन पिशव्यांत.

"ह्या पिशवीतले मानाच्या घरच्यांना," कमलबाई म्हणाल्या. "त्या पिशवीतले बाकीच्यांना."

राजेश्रीने दोन्हींतला एकेक हातात घेतला. दिसायला सारखेच, वर तीच सोलरची काळपट पट्टी. पण एकाची पट्टी खरी होती. तिच्यावर बोट ठेवले की आकडे फिके पडत, बोट काढले की परत येत. दुसऱ्याची पट्टी नुसती शोभेला चिकटवलेली, आत कधीचा पडून असलेला बटणाएवढा सेल. दुकानदाराने लपवलेही नव्हते; त्याचे बोलणे कमलबाईंनीच ऐकवले. "द्यायघ्यायचा माल हाय बाई. कवा बंद पडंल सांगता येत न्हाई."

द्यायघ्यायचा माल! बायांनो, खरे सांगा, आपल्या कपाटात याचा एक वेगळा कप्पा आहे की नाही? नेसायच्या साड्या वरच्या फळीवर, द्यायघ्यायच्या खालच्या. देवाला दाखवायचा नारळ आपण हलवून बघतो. माणसाला द्यायचा मात्र कुठलाही चालतो.

"आत्याबाई, हे बरं न्हाई," राजेश्री म्हणाली.

"कुणाला कळायलंय? तू तिळगुळाचं बघ."

दुपार कलली तशा अंगणात बाया जमल्या. मेंढरं राखणाऱ्या घरची केवळाबाई आली, सोबत तिची दिपाली. पोरगी पूर्णेच्या कॉलेजात बीकॉमला. केवळाबाईने वाण कपाळाला लावले आणि लेकीच्या हातात दिले. शेजारी बसलेली वैष्णवी बागायतदाराच्या घरची, दिपालीच्याच वर्गातली. दोघींनी कॅल्क्युलेटर शेजारी शेजारी धरले.

वैष्णवीचे बोट पट्टीवर पडले. "अगं बया, माझा तर मरायलाय!"

दिपालीनेही बोट ठेवले. आकडे जागचे हलले नाहीत. "माझा बघ, कसा ठाम हाय!"

बाया हसल्या. "केवळाबाई, नशीब काढलं की!"

दिपालीचा चेहरा उजळला. "परवा स्टॅटिस्टिक्सचा पेपर हाय. मोबाईल आत नेऊ देत न्हाईत, कॅल्क्युलेटर कुणी देईना. मागच्या बारीला त्याच्यामुळंच विषय ऱ्हायला. आता हाच नेते! सोलर हाय, बंद पडायची भीतीच न्हाई."

कमलबाईंनी सुनेकडे पाहिले. गप बस, असे डोळ्यांनीच बजावले.

राजेश्रीची कानशिले तापली. हिचा विषय परत राहिला, तर घरचे म्हणतील, पुरे झाले शिक्षण. आणि आपण तिळगूळ वाटत बसायचे? तिने हातातले ताट खाली आदळले.

"नको नेऊ, दिपाली! ते सोलर न्हाई. खरी पट्टी झाकली की आकडे जातातच. तुझी पट्टी खोटी हाय. आत शिळा सेल हाय. पेपरात दगा देईल!"



केवळाबाई उठली. कॅल्क्युलेटर लेकीच्या हातातून घेऊन तिने सतरंजीवर ठेवला. "कमलबाई, वाटीच द्यायची होती. वाटी तरी खरी असती."

"राजेश्री!" कमलबाई कडाडल्या. "चार बायांत घरची अब्रू काढलीस!"

"तिनं काढली व्हय?" कमलबाईंची थोरली नणंद सुलाबाई ओसरीवरून बोलली. "दोन पिशव्या तू भरल्यास, कमल."

"वन्सं, सगळीकडं असंच असतंय."

"असतंय ना! मग तुझ्या भावकीतल्या लग्नात तुला विरलेली साडी दिली, तवा का गं बोंबललीस? तीन वर्षं झाली, त्यांच्या दारात पाय ठेवला न्हाईस. म्हनलीस, ह्यांनी माझी किंमत केली. आज तू काय केलंस? अन् तुझी तर साडी होती. हिच्या पोरीचं वरीस वाया चाललं होतं!"

 कमलबाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. त्या तडक आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात नव्या डबीतला कॅल्क्युलेटर होता, पंचायत समितीच्या सभापतींच्या बायकोसाठी मागे ठेवलेला. त्यांनी तो दिपालीपुढे धरला.

"बोट ठेव. बघून घे."

दिपालीने बोट ठेवले. आकडे विझले. उचलले, आकडे उगवले!

"केवळाबाई, चुकलं माझं," कमलबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ज्यांना ज्यांना तसला आला त्यांनी हितंच ठेवा. खरा घेऊन मी सोता तुमच्या दारी येते."

"या," केवळाबाई म्हणाली. हसली नाही. पण परत बसली.

बायांनो, राग येतो तो कॅल्क्युलेटरचा नाही. समोरच्याला कळणार नाही, या आपल्या खात्रीचा येतो. वाटी द्या, नाहीतर नुसता तिळाचा दाणा द्या, पण जे स्वतः वापराल तेच द्या. माणसामाणसांत दोन पिशव्या करणारा हात कितीही हळदीकुंकू लावो, तो मान देत नाही, मान काढून घेतो!