शुक्रवारी थांबणारा हात

हँडल फिरत होतं आणि स्टुलावर कुणीच नव्हतं. पुष्पाबाई चहाची कपबशी घेऊन आली ती दारातच थबकली.

मशीन केवढं, तर शिलाई मशीनपेक्षा जरासं मोठं. भुसावळच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून रिटायर झालेल्या तिच्या नवऱ्यानं, रुपचंदनं, ते भंगारातून उचलून पिंप्राळ्याच्या घरी आणलं होतं. त्यावर पितळी पट्ट्यांवर नावं कोरायचा त्याला नाद. अर्ध्या कॉलनीच्या दारांवर त्याच्याच पाट्या. इथवर ठीक होतं. पण शेजारीपाजारी रंगीत टीव्ही घेत होते त्या वर्षी या गृहस्थानं बंद पडलेल्या क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणला, मोडक्या प्रिंटरांच्या मोटारी काढल्या आणि मशीनला जोडल्या. हँडलं मात्र ठेवली, ती काही त्याच्यानं काढवेनात. एकदा आपण हातानं पाटी कोरायची, कॉम्प्युटर प्रत्येक फेरा ध्यानात ठेवणार, मग एक बटण दाबलं की मोटारी तस्संच फिरवणार, अशी सगळी भानगड.

"कोनी बसेल शे का तठे?" पुष्पाबाईनं रिकाम्या स्टुलाकडं बघत विचारलं.

खिडकीशी उभा राहून कौतुकानं बघणारा रुपचंद हसला. "मीच शे तठे," तो म्हणाला.

तिला काही हसू आलं नाही. नवऱ्याचा हात ती ओळखत होती. पुढं फिरवताना मधेच किंचित मागं यायचं आणि मग पुन्हा पुढं जायचं, ही त्याची जन्माची खोड. रिकामं हँडलही अगदी तसंच मागं येत होतं. तिथून पुढं त्या खोलीत एकटीनं केर काढायचीही तिला भीती वाटू लागली.

पोळ्याच्या आसपास रुपचंदला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. धिप्पाड माणूस बाहेरच्या खोलीत खाटेवर नुसता पडून राहिला. डोळे उघडे, पण ओळख आहे की नाही, देव जाणे. पुष्पाबाई बोलबोल बोलायची, उत्तर कुठून येणार? एका सकाळी तिच्या मनात आलं, निदान त्यांच्या मशीनचा आवाज तरी कानावर पडू दे. भीती गिळून तिनं बटण दाबलं आणि बाहेर आली.

रुपचंदचा उजवा हात गोधडीवर फिरत होता. पुढं, किंचित मागं, पुन्हा पुढं.

 मशीन थांबलं, हात थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा हलला. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडतात, होतं असं. म्हणू देत बापडे. ती रोज मशीन लावायची आणि हाताशी बोलत बसायची. आज तब्येत बरी दिसते हो, म्हणायची. लाजसुद्धा वाटायची तिला, पण आनंद कुठं लपतो? फक्त एक गोष्ट डाचत होती. मशीनशिवाय हात हलत नव्हता. पांगुळगाडा काढून घेतल्याशिवाय पोर आपल्या पायानं चालत नाही, तसंच हे असेल, असं तिनं मनाशी ठरवलं.

धुळ्याचा हारुन रुपचंदच्या हाताखाली शिकून कारखानदार झालेला. कुलपांचे भाग बनवायचा. तिनं निरोप धाडला तसा तो टेम्पो घेऊन आला, गुरुजींच्या पाया पडला आणि मशीन, कॉम्प्युटर सगळं आपल्या कारखान्यात लावायला घेऊन गेला.

दोनेक दिवसांनी हात हलला. आपोआप! पुष्पाबाईनं शेजारच्या लताबाईला बोलावून दाखवलं, देवापुढं साखर ठेवली. पण हात थांबेचना. जेवणाच्या वेळेला जरा थांबे, की पुन्हा सुरू. दिवस मावळला तरी चालूच. खोडही गेली होती. मागं येणं नाही, सारखं एकाच लयीत पुढं. मनगट सुजलं, रुपचंदच्या डोळ्याला डोळा लागेना, गालफडं बसली. दोन शिफ्ट चालाव्या तसा हात चालला होता.

मग एक दिवस हात सकाळपासून स्वस्थ पडून राहिला. रुपचंद झोपला. पुष्पाबाईनं भाकरी थापता थापता वार आठवला. शुक्रवार. आणि हारुनचा कारखाना शुक्रवारी बंद असतो हे आठवताच तिचे हात पिठातच राहिले. आपण मशीन दिलं नाही, नवऱ्याचा हात देऊन बसलो, हे तिला लख्ख कळलं. कुणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं.

शनिवारी हात पुन्हा सुरू झाला. दुपारपर्यंत तिनं पाहिलं. मग खाटेवर बसून तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. हातानं ओढ घेतली. केवढी ताकद होती त्यात! तिचे खांदे हिसकले, बांगड्या पिचल्या, पण तिनं सोडलं नाही.

"आते बस व्हयनं," ती म्हणाली. "निजा आते."

एक मोठा हिसका बसला आणि हात सैल पडला. रुपचंदनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी हारुन आला, ओशाळलेला. काल दुपारी मशीन चालता चालता अडकलं, म्हणाला. हँडलाला दोघं झोंबले तरी हलेना, कुणी पलीकडून धरून ठेवल्यासारखं. मग मोटार जळाली. "नवी टाकतो, भाभी. उद्या चालू होईल."

 पुष्पाबाईनं गोधडी बाजूला करून रुपचंदचं मनगट दाखवलं. हारुननं ते पाहिलं, मग तिच्या फुटक्या बांगड्यांकडं आणि मनगटावरच्या ओरखड्यांकडं पाहिलं. 

"नाही टाकत मोटार," तो म्हणाला आणि उठून गेला.

त्यानं शब्द पाळला. हात पुन्हा कधीच हलला नाही. रुपचंद शांत झोपू लागला, चार घास पोटात जाऊ लागले. पुष्पाबाई दुपारभर त्याचा हात धरून बसलेली दिसे. लताबाई म्हणायची, काय माया आहे हो. हात ऊबदार असायचा, बस, बाकी काही नाही. पुष्पाबाई मात्र पकड सैल ठेवायची, त्याला हलावंसं वाटलंच तर हलता यावं म्हणून.