डाव्या हाताचा अंगठा

वंदनाबाईंनी तुरीच्या शेंगांचं टोपलं उचललं आणि सोफ्यावर जागा असूनही त्या खाली सतरंजीवर, टीव्हीला अगदी खेटून जाऊन बसल्या.

"अवं, जराशी मांगं सर ना," सुधाकरराव म्हणाले. "पाहुण्याइले दिसून नाही राह्यलं."

त्या एक वीतभर मागे सरल्या. तेवढंच.

पडद्यावर मेलबर्नचं निळं कोर्ट होतं. पुरुष एकेरीची पहिली फेरी, आणि त्या निळ्यावर उभा होता तो त्यांचा आल्हाद. पात्रतेचे तीन सामने मारून जळगाव जामोदचा पोरगा तिथवर पोचला होता. पहाटे साडेपाचला सामना सुरू झाला तेव्हा घरात घरचे तिघंच होते, आता नऊ वाजले तर चपला पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. इथे जानेवारीची थंडी, शेजारचे वाहेदभाई टेलर अजून कानटोपी काढायला तयार नव्हते. तिथे एक्केचाळीस अंश तापमान आहे म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येत होतं.

दोन सेट याचे, दोन त्या साडेसहा फुटी गोऱ्याचे. पाचवा चालू.

"पंधरा, तीस, चाळीस," वाहेदभाईंनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. "पंचेचाळीस काऊन नाही बे? पाच कुठं गेले?"

लोक हसले. वडनेर भोलजीहून आलेले वानखडे सरसुद्धा हसले. सर हायस्कूलचे मुख्याध्यापक, त्यांच्या थोरल्या मुलाशी आल्हादच्या बहिणीचं, गार्गीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा पुढच्या महिन्यात. होणाऱ्या सुनेचा भाऊ टीव्हीवर दिसणार म्हणून ते पहाटेच्या अंधारात गाडी काढून पेढे घेऊन आले होते. सुधाकररावांनी त्यांना खुर्चीसुद्धा मधोमध दिली होती.

सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर इकडून तिकडे जात होत्या. वंदनाबाईंची मान हलत नव्हती. त्या आल्हादचा डावा हात बघत होत्या. नुसता डावा हात.

काल फोनवर तो सहज बोलून गेला होता, "आई, दोन रात्री झाल्या, डोळ्याले डोळा नाही." बस्स. टेनिस हरला काय, जिंकला काय, त्यांना त्याचं काही नव्हतं. झोप नसली की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

तेरा वर्षं झाली असतील. सुधाकरराव तेव्हा बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात क्लार्क होते, आणि साहेब लोक क्लबातल्या मातीच्या कोर्टावर त्यांच्या पोराला खेळू देत. अकरा वर्षांचा आल्हाद तिथेच चालता-चालता कोसळला. हातपाय वेडेवाकडे, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगायला लावली, कुणी कांदा आणला. तो शुद्धीवर येईपर्यंत सुधाकररावांनी जमलेल्या लोकांना सांगून टाकलं होतं, "काही नाही, ऊन लागलं त्याले."

तेव्हापासून ते ऊन त्या घराला पुरलं. शाळेत ऊन, अकोल्याच्या स्पर्धेत ऊन, एकदा तर ऐन दिवाळीत ऊन. खरं काय ते घरातल्या चौघांना आणि अकोल्याच्या डॉक्टरला ठाऊक. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत जायच्या. पुण्याच्या अकादमीचा फॉर्म भरताना 'काही आजार' या रकान्यापुढे सुधाकररावांनी स्वतः रेघ मारली. "गार्गीचं लग्न व्हायचं हाये अजून," ते म्हणाले होते. "आन् याले तरी कोण घेईन?"

पोराला दोघांनी दोन गोष्टी शिकवल्या. बाप म्हणायचा, "आलं असं वाटलं का चार लोकांत राहू नको, कोपऱ्यात जाय." आणि आई म्हणायची, "थरथर आली का बसायचं. शाळेत, बाजारात, कुठंबी. होता तिथंच बसायचं बाप्पा, लाज नाही धरायची." तो झटका येण्याआधी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरू लागायचा, चिमटीतून मीठ सोडावं तसा. त्याला स्वतःला ते कळायचंही नाही. पण वंदनाबाईंना कळायचं.

सहा वर्षांत तो अंगठा फिरला नव्हता.

"पाच-चार!" खोली दणाणली. "आता याची सर्व्हिस. येवढी एक गेम मारली का संपलं!"

दोघे खेळाडू बाजू बदलायला खुर्च्यांवर येऊन बसले. कॅमेरा आल्हादच्या चेहऱ्यावर गेला. मानेवर बर्फाचा टॉवेल, डोळे कुठेतरी लांब. मग कॅमेरा जरा खाली आला आणि वंदनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मांडीवर ठेवलेला डावा हात. अंगठा तर्जनीवर फिरत होता.

त्या उठल्या आणि आत जाता जाता त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की सुधाकरराव मुकाट मागोमाग स्वयंपाकघरात आले.

"अंगठा फिरून राह्यला त्याचा."

"घामानं करत असन."

"मले नका सांगू घामाचं! मी माय हाये त्याची. ऋत्विकले फोन लावा. तो तिथंच बसेल हाये, त्याले खरं सांगा."

ऋत्विक म्हणजे पुण्याचा कोच. गेली पाच वर्षं तो आल्हादबरोबर गावोगाव फिरत होता. आल्हादला ऊन लवकर लागतं, एवढंच त्याला माहीत.

"आता?" सुधाकररावांचा आवाज चिरकला. त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हात केला. "दोन मिन्टाचा तर खेळ राह्यला. बाहेर वानखडे सर बसले हायेत. गार्गीचा तरी इचार कर."

"तो पडला म्हंजे?"

"नाही पडत. सहा वर्षं नाही पडला तं आता दोन मिन्टात पडते का?" असं म्हणताना त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती. भीती त्यांनाही होतीच, पण ती कोणाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेर टाळ्या पडल्या. वंदनाबाई पळतच टीव्हीपुढे आल्या.

पंधरा-शून्य. तीस-शून्य. मग एक चेंडू जाळीत गेला. मग चाळीस-पंधरा. वाहेदभाई उभे राहिले, त्यांच्यामागे सगळेच उभे राहिले. वंदनाबाई तेवढ्या खाली बसलेल्या. बस रे, त्या मनात म्हणत होत्या. बस रे बाप्पा. बस.

आल्हादनं चेंडू हातात घेतला. आपटला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा चेंडू हातातून निसटला आणि घरंगळत गेला. त्यानं त्याकडे पाहिलं नाही. तो रेषेपासून मागे दोन पावलं गेला, इकडेतिकडे पाहिलं. हजारो माणसं बसली होती, कोपरा कुठेच नव्हता.

आणि तो होता तिथंच खाली बसला.

"काऊन बसला बे हा?" वाहेदभाई ओरडले. "अरे उठ! येकच तं पाइंट राह्यला!"

"बसला," वंदनाबाई पुटपुटल्या. "बसला माझा लेक."

पंच माईकवरून काही बोलला. आल्हाद बसल्याजागी एका बाजूला कलला आणि आडवा झाला. त्याचे पाय ताणले गेले. माणसं धावली, कुणीतरी छत्री धरली, आणि कॅमेरा झटकन उंच गेला. खाली सगळं मुंगीएवढं झालं. गार्गी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

सुधाकररावांचा फोन वाजला. सकाळपासून कौतुकाचे फोन सगळ्यांना ऐकू यावेत म्हणून ते प्रत्येक फोन स्पीकरवर टाकत होते. हातानं सवयीनं तेच केलं.

"काका, ऋत्विक बोलतोय! आल्हाद पडलाय. इथले डॉक्टर विचारतायत, त्याला आधी कधी असं झालंय का? त्याच्या फॉर्मवर काहीच लिहिलेलं नाही. त्यांना वाटतंय ऊन लागलंय, बर्फात ठेवायचं म्हणतायत. पटकन सांगा काका."

सुधाकररावांनी तोंड उघडलं.

"ऊनच असन हो," वानखडे सर मायेनं म्हणाले. "एक्केचाळीस डिग्री म्हंजे काय खेळ हाये? हाव म्हना त्याइले, घाबरू नका."

तेरा वर्षं वापरलेलं उत्तर कुणीतरी आयतं हातात दिलं होतं. या वेळी तर ते कुणालाही पटलं असतं. सुधाकररावांनी सरांकडे पाहिलं, मग दारातल्या गार्गीकडे. गार्गीनं ट्रे खाली जमिनीवर ठेवला आणि 'खरं सांगा' म्हणून मान हलवली.

"काका? हॅलो?"

"नाही," सुधाकरराव म्हणाले. "ऊन नाही. फिट येते त्याले. अकरा वर्साचा होता तवापासून. फॉर्मवर मीच लिहू देल्लं नाही, पोराची काही चूक नाही त्यात. त्याच्या बॅगेत व्हिटॅमिनची डबी हाये. ते व्हिटॅमिन नाही, त्याच गोळ्या हायेत. डबीच दाखव डॉक्टरले."

"कुशीवर घ्या म्हना!" वंदनाबाई फोनच्या दिशेनं ओरडल्या. "तोंडात काही घालू नका, धरून ठेवू नका! कुशीवर घ्या लेकराले!"

"सांगतो काकू," ऋत्विक म्हणाला आणि फोन बंद झाला.

वाहेदभाईंनी कानटोपी काढून हातात घेतली. वानखडे सरांनी चष्मा काढला, ते तो पुसत राहिले, आणि त्यांच्याकडे पाहायची कुणाची छाती झाली नाही.

पडद्यावर सगळं अजून लहानच दिसत होतं. निळ्या कोर्टावरचा पांढरा ठिपका म्हणजे आल्हाद. त्याच्याभोवती चारपाच माणसं, त्यांतलं एक बर्फाची पिशवी घेऊन वाकलेलं. बाजूनं कुणीतरी धावत आलं, हातवारे करत काही सांगू लागलं. वाकलेल्या माणसानं पिशवी खाली ठेवली. मग दोघांनी मिळून त्या पांढऱ्या ठिपक्याला हळूच कुशीवर वळवलं.

"वळवलं वं माय," वंदनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

सुधाकररावांच्या हातातून फोन सोफ्यावर पडला. त्यांचे पाय थरथरत होते. मागे खुर्ची होती, पण तिच्यापर्यंत ते गेले नाहीत. ते होते तिथंच, चार लोकांत, खाली बसले.