दिलिनीचं लायसन

माही सून श्रीलंकेची. नाव दिलिनी. माह्या ललितले ती बोधगयेच्या शिबिरात भेटली, अन् लग्न होऊन अमरावतीले आमच्या घरी आली. लोक विचारत, "जाईबाई, सुनेशी बोलता तरी कसं वो?" मी म्हणलं, तोंडानं. दोन वर्षांत पोरगी माह्यापेक्षा पक्की वऱ्हाडी झाली.

ललित पुण्याच्या कंपनीत. बायकोले तिकडं नेतो म्हणून त्यानं टुमणंच लावलं होतं. दिलिनी फिजिओथेरपी शिकलेली. इथल्या एका दवाखान्यानं तिले काम देऊ केलं, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्याचं. अट एकच, गाडीचं लायसन पाहिजे. लायसन मिळालं तं ती इथं राहीन, नाही तं पुण्याले. अन् ती गेली तं घरात मी अन् टीव्ही.

शिकवलं मीच. म्हणजे स्कुटी तिच्या हाती अन् मागं बसून तोंड मी चालवाचं. "हॉर्न मार! बकरी हाय! घाबरून काहून राहिली?" दोनदा बाभळीत जाऊन पडलो, पण शिकली.

आरटीओच्या मैदानात आठाच्या आकड्याची वाट आखलेली असते. तिच्यावरून गाडी न्याची, पाय खाली टेकला की नापास. दिलिनी निघाली. पहिलं वळण झकास घेतलं. तेवढ्यात कुंपणापाशी आमच्या विहारातले चंद्रभानमामा दिसले, आपल्या कामानं आलेले. "काय सूनबाई, जमून राहिलं का?"

झालं! पोरीनं कचकन ब्रेक मारला, दोन्ही पाय खाली, हात जोडले. "जय भीम, मामाजी."

परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "अवो, थांबल्या काहून?"

"आईनं सांगतलं हाय, मोठ्या माणसाले जय भीम केल्याबिगर पुढं जाऊ नाही."

साहेब हसले, पण नापास ते नापास. आठ दिवसांनी या म्हणे. मामांचं तोंड एवढंसं झालं. मले माह्याच शिकवणीचा असा राग आला! त्या दिवशी दिलिनी जेवली नाही. ललितचा फोन आला, "पुढल्या रविवारी घ्याले येतो." मी फोन तिच्या हाती देऊन अंगणात निघून गेली.

पुन्हा गेलो तवा मी तिले बजावलं, "आज कोणीही समोर येवो, मी मेली तरी थांबू नको." ती निघाली तशी मी निंबाकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या नजरेले माही नजर भिडाले नको! लोक पाहून हसून राहिले. हसो बाप्पा. मंग मागून साहेबांचा आवाज आला, "पास." मी वळाच्या आधीच पोरीनं येऊन मले कवळ घातली.

रविवारी ललित मोठी रिकामी बॅग घेऊन आला. दिलिनी दारात स्कुटी पुसून राहिली होती. सोमवारी पहिला पेशंट होता.

"दोन दिवसांत निघू," तो म्हणे.

ती फडकं पिळत म्हणे, "मी कुठी नाही येऊन राहिली. आईले एकटं सोडून काहून येऊ? तुमाले करमत नसन तं तुमीच इकडं या."

ललित माह्याकडं वळला. "आई, तू तरी समजाव इले."

"मी काहून समजावू?" मी म्हणलं. "तू पुण्याले गेला तवा आई एकटी कशी राहीन, असं कोणी म्हणलं होतं का?"

एवढं बोलली अन् मले रडूच फुटलं.